छातीच्या सहा जागा

नाशकात मला वसंत म्हणून ओळखणारी माणसं थोडी आणि ‘कार्डिओग्रामवाले’ म्हणून ओळखणारी जास्त. रविवार कारंज्याजवळ आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर हृदयाचे, मी मशीनचा. सत्तर-बहात्तर साली गावात अशी मशीनं बोटांवर मोजण्याइतकीच होती. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिन्यावरून खाली आणायचं तर चौघांनी उचलायचं, आणि चौघांनी उचललेलं बघितलं की घरातल्या बायका आधीच गळा काढायच्या. म्हणून मशीनच माणसाकडे जायचं, आणि मशीनबरोबर मी. आधी सायकलच्या कॅरिअरवर, पुढे डॉक्टरांच्या जुन्या स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये खोका धरून.

लोकांना वाटायचं मी छातीचा फोटो काढतो. पंचवटीतल्या एका आजोबांनी तर केस विंचरून, टोपी घालून, गादीवर ताठ बसून माझी वाट बघितली होती. फोटो नसतो तो. हृदय चालतं तेव्हा अंगात अगदी बारीकशी वीज खेळते, ती मशीनची तापलेली सुई कागदाच्या पट्टीवर लिहून ठेवते. दोन मनगटांना आणि दोन घोट्यांना पट्टे बांधायचे, खाली खारट जेली लावायची. जेली संपली तर मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापूस चालतो. बटण फिरवत गेलं की हातापायांच्या पट्ट्यांतून सहा चित्रं मिळतात. मग एक रबराचा फुगा, तो दाबून छातीवर चिकटवायचा. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या अंगाला सुरुवात करून डाव्या काखेपर्यंत अशा सहा जागा. त्यातून आणखी सहा. एकूण बारा. डॉक्टर म्हणायचे, घरात काय चाललंय ते बघायचं तर पुढच्या खिडक्यांतूनही बघावं लागतं आणि मागच्याही. सहाच खिडक्यांतून बघितलं आणि सातव्या खोलीत आग लागली असली तर?

एक वायर अर्थिंगची असायची. ती नळाला जोडावी लागे, नाहीतर सुई थयथयाट करायची. आता नळ असायचा मोरीत नाहीतर स्वयंपाकघरात. काही घरांत मी नळाकडे निघालो की आधी आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव ऐकलं की, “द्या इकडे, आम्हीच जोडतो,” असं कोणीतरी लगबगीनं म्हणायचं. वायरचं टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. हृदयाला त्यानं काही फरक पडत नसे, चित्र तेच यायचं. पण मला अंग राखून काम करायची सवय लागली ती तिथून. कोणाला किती आणि कुठे हात लावायचा याचा हिशोब मी खोका उघडायच्या आधीच मनात करून मोकळा व्हायचो.

खरी पंचाईत बायकांची. म्हाताऱ्या बाईनं परक्या पुरुषासमोर छाती उघडी करायची, हे तेव्हा बोलायचीसुद्धा सोय नव्हती. त्यावर आम्ही एक रीत काढली होती. घरातल्या सुनेला किंवा लेकीला हाक मारायची, फुगा तिच्या हातात द्यायचा, घरातल्या पुरुषांना बाहेर काढायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी सांगायचो, “मधलं हाड लागलं? त्याच्या डावीकडे दोन बोटं. हं, आता खाली. अजून खाली.” नाशिकमधली बहुतेक कॅलेंडरं मी अशी वाचून काढली आहेत. सुना हे काम फार मन लावून करायच्या. एक सून सासूबाईंना म्हणाली होती, “आई, आज तरी हलू नका आणि बोलू नका, ते सांगतायत.” तिचा आवाज ऐकून मला कॅलेंडरकडे बघत हसू दाबावं लागलं.

घरात सून-लेक नसली किंवा आजीबाईंनी पदर सोडायला साफ नकार दिला, तर हातापायांची सहा चित्रं घेऊन मी निघायचो. पण डॉक्टरांचा त्याला एक नियम होता. ते म्हणायचे, “वसंत, अर्धं आणलंस तर अर्धं आहे असं सांग. मी मग त्याप्रमाणे विचार करीन. अर्ध्याला पूर्ण म्हणायचं नाही.” मी पट्टीच्या खाली लाल पेन्सिलीनं ‘छाती नाही’ असं लिहायचो. ते दोन शब्द बघितले की डॉक्टर बऱ्याचदा स्वतः उठून त्या घरी जायचे.

आता पित्त आणि हृदय यांच्याबद्दल. लोक मला अजूनही रस्त्यात थांबवून विचारतात, “गॅस कसा ओळखायचा हो?” जणू काही गॅस गळ्यात पाटी अडकवून येतो. डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असायचे. जेवल्यावर होतं की श्रमानं? आडवं पडल्यावर वाढतं की चालताना? ढेकर आल्यावर मोकळं वाटतं का? घाम फुटला होता का? आणि सर्वात महत्त्वाचं, कुठे दुखतं ते दाखवा. पित्ताचा माणूस बहुधा एका बोटानं जागा दाखवतो. हृदयाचा माणूस अख्खा हात किंवा मूठ छातीवर ठेवतो. बहुधा म्हणालो, नेहमी नव्हे.

आमचे एक मिठाईवाले होते, बन्सीशेठ. दर सणाला स्वतःच्या दुकानातला माल स्वतःच खाऊन ठेवायचे आणि मग छातीवर एक बोट ठेवून “गेलो, गेलो” करत पडायचे. मी धावत जायचो, अर्थिंग जोडायचो, पट्टे बांधायचो, तेवढ्यात शेठजी असा ढेकर द्यायचे की सुई कागदाबाहेर जायची. मग उठून बसायचे आणि मला पेढे द्यायचे. त्यांचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत होतं.

उलट मालेगावहून एकदा रहमतभाई म्हणून यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली. बसस्टँडवरून चालत आले आणि दवाखान्याच्या जिन्यात मध्येच थांबले. डॉक्टरांनी आतून बघितलं होतं.

“डॉक्टरसाब, कुछ नहीं, गॅस है. सोडा पीता हूँ तो उतर जाता है.”

“सोडा प्यायल्यावर किती वेळानं उतरतं?”

“दस मिनट.”

“आणि सोडा न पिता दहा मिनटं नुसतं बसलात तर?”

रहमतभाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. मग म्हणाले, “बैठने से भी उतर जाता है.”

“आणि केव्हा होतं हे? जेवल्यावर?”

“सायकल पे. हवा सामने से हो तब.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आराम देतं बसणं, आणि श्रेय घेतो सोडा. त्या माणसाच्या बाराही चित्रांत काय होतं ते सांगत नाही, पण त्याला वेळेवर औषध मिळालं आणि पुढे कित्येक वर्षं तो तपासायला येत राहिला. त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, “लक्षात ठेव. वय झालेल्या माणसाचं पित्त आधी हृदय समजायचं. ते हृदय नाही असं पक्कं झालं, तर मग पित्त. उलटं कधी करायचं नाही. आणि बायकांच्या बाबतीत तर मुळीच नाही, त्या मळमळ सांगतात, थकवा सांगतात, पाठ सांगतात, छाती सांगतच नाहीत.”

मी लक्षात ठेवलं होतं. हे सगळं मला पाठ होतं. हळूहळू पट्टी वाचताही येऊ लागली. डॉक्टर बघायच्या आधी मी मनात म्हणायचो हा गेलेला, हा राहील, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. गल्लीतले लोक मला अर्धा डॉक्टर म्हणायला लागले. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो, हे मला आज कळतं.

आता वहिनीबद्दल लिहितो. हा लेख मी तिच्याबद्दलच लिहायला बसलो होतो, बाकी सगळं हात गरम व्हावा म्हणून लिहिलं.

मी पाच वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच साली दादाचं लग्न झालं. वहिनी आली तेव्हा ती स्वतः पंधराची. सिन्नरकडची, काळी-सावळी, जिवणी सतत हसरी. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या उवा काढल्या, पाटी-पेन्सिल घेऊन दिली. मी शाळेत मार खाऊन आलो की ती मास्तरांशी भांडायला जायची आणि परत येऊन मला दोन लगावायची. मी तिला वहिनी म्हणायचो, पण आई म्हणायला माझ्याजवळ दुसरं माणूस नव्हतं. दादाला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात नोकरी लागली आणि दोघं तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. दोन्ही मुलींची लग्नं होऊन त्या सासरी गेल्या. मी बायकोबरोबर नाशिकरोडला.

ऐंशी सालानंतरचा एक एप्रिल महिना. नाशिकरोडला एका गृहस्थाचा कार्डिओग्राम काढून मी दुपारी बाराच्या सुमाराला मोकळा झालो आणि एकलहऱ्याकडे स्कूटर वळवली, कारण वहिनीच्या कुरडयांचा दिवस होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गहू तीन दिवस भिजवून, वाटून त्याचं सत्त्व काढतात आणि ते मोठ्या पातेल्यात शिजवतात. त्याला चीक म्हणतात. तो घट्ट होत जातो तसा लाकडी दांड्यानं सारखा घाटावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात. चुलीसमोर, एप्रिलच्या उन्हात, दोन हातांनी. चांगल्या धडधाकट बाईच्या दंडाला पेलू नये असं ते काम. मग सोऱ्यानं गच्चीवर कुरडया घालायच्या. पातेल्यातला ऊनऊन चीक दूध-साखर घालून खायला मी लहानपणापासून टपलेला. वहिनी माझ्यासाठी वाटी झाकून ठेवायची.

दादाची दुसरी पाळी होती, म्हणून तो घरीच होता. दार त्यानंच उघडलं.

“तुझी वहिनी आडवी झालीय. चीक बाधला म्हणते.”

ती आतल्या खोलीत सतरंजीवर पडली होती. वर गच्चीवर शेजारच्या चार बाया कुरडया घालत होत्या, त्यांचं हसणं खाली ऐकू येत होतं. मला बघून वहिनी उठायला लागली.

“बस वसंता. तुझी वाटी ठिवलीय झाकून. काय नाय रे, चीक घाटता घाटता चव बघत बघत चार घास जास्त खाल्ले. पित्त खवळलं. इथं,” तिनं पोटाच्या वर, छातीच्या खाली हात ठेवला. “लय मळमळतंय. दोन ढेकर आले का मोकळं वाटंल.”

चीक घाटता घाटता खाल्ले. एका वाक्यात तिनं मला दोन्ही सांगितलं होतं, श्रमही आणि खाणंही. डॉक्टरांनी ते वाक्य अर्ध्यात तोडून विचारलं असतं, घाटताना झालं की खाल्ल्यावर? मी नाही विचारलं. मला ‘खाल्ले’ तेवढंच ऐकू आलं. तिनं जागा दाखवताना बोट नाही, अख्खा तळवा ठेवला होता, हेही मी पाहिलं होतं.

तरी मशीन बरोबरच होतं, म्हणून म्हटलं, “चल, तुझा कार्डिओग्राम काढतो. गावभर काढतो, घरच्यांचा राहिलाय.”

“करंट लागायचा नाय ना?”

“लागला तर दादाला विचार. त्याचीच वीज आहे.”

दादा दाराच्या चौकटीत खांदा टेकून उभा होता, तो हसला. वहिनीही हसली. मी अर्थिंग मोरीतल्या नळाला जोडलं. ह्या घरात कोणी आडनाव विचारणार नव्हतं. मग पट्टे बांधायला तिची मनगटं हातात घेतली तर ती गार आणि ओली लागली. मला वाटलं, चिकाचे हात आताच धुतलेत. मी पंच्यानं पुसली. जेली लावली. पुन्हा ओली झाली. पुन्हा पुसली.

हातापायांची सहा चित्रं आली. मी पट्टी उजेडात धरून बघितली. साफ होती. सुंदर होती म्हणायला हवी, इतकी साफ.

माझा हात फुग्याकडे गेला. वहिनीनं फुग्याकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. एवढंच केलं तिनं. नको म्हणाली नाही. गच्चीवर चार बाया होत्या. एक हाक मारली असती तर एक खाली आली असती. शेकडो घरांत मी अशी हाक मारली होती, बिनदिक्कत, धंद्याच्या आवाजात. इथे तो आवाज फुटेना. जिनं मला न्हाऊ घातलं तिच्या छातीबद्दल शेजारणीला काय सांगायचं? भिंतीकडे तोंड करून वहिनीची दोन बोटं डावीकडे, तीन बोटं खाली, हे माझ्या तोंडून निघणार नव्हतं. आणि हातातली पट्टी साफ होती. पित्तच आहे, मी मनाशी म्हणालो, आणि फुगा खोक्यात ठेवून झाकण लावलं.

“झालं?” दादानं दारातून विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

कॉलनीतल्या दुकानातून डॉक्टरांना फोन लावला.

“वय?”

“चोपन्न-पंचावन्न.”

“श्रमानं झालं का खाण्यानं?”

“खाण्यानं. चीक खाल्ला.”

“घाम?”

“नाही.”

“बाराही नॉर्मल?”

इथे मी थांबलो. सहा म्हटलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, परत जा आणि उरलेले घे, नाहीतर मी येतो. ते मला नको होतं. लाज वाटली म्हणून सोडले, हे त्यांना सांगायचीही लाज वाटली. एका लाजेवर दुसरी चढली.

“हो साहेब,” मी म्हणालो. “बारा. नॉर्मल आहे.”

“मग पित्ताचं औषध दे. उद्या जमलं तर पट्टी दाखव.”

मी दुकानातून पांढऱ्या औषधाची बाटली घेतली, दोन चमचे वहिनीला पाजले. तासाभरात तिला बरं वाटलं. ते औषधानं नव्हतं, पडून राहिल्यानं होतं. रहमतभाईंच्या सोड्यासारखं. मी निघायच्या आधी ती उठली, चीक गरम केला, दूध-साखर घालून वाटी माझ्या हातात दिली आणि मी तो उभ्या उभ्या खाल्ला. “बघ, तुला न्हाय बाधत,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुरडया उलटवायला गच्चीवर निघाली. दादा दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्रीनंतर आलेला, झोपला होता. शेजारच्या बाईला ती जिन्यात बसलेली दिसली, भिंतीला डोकं टेकून. तिला वाटलं दमून बसलीय, म्हणून ती आधी बाजूनं वर गेली. परत आली तेव्हाही वहिनी तशीच बसलेली होती.

मला दवाखान्यात फोन आला. कोणाचा हे आठवत नाही. मी खोका उचलून पळालो. खोका कशाला उचलला, ते देव जाणे.

पाचव्या दिवशी मी कामावर गेलो आणि वहिनीची पट्टी डॉक्टरांसमोर ठेवली. खाली लाल पेन्सिलीनं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पट्टी बघितली, उलटून मागची बाजू बघितली, जणू बाकीचं तिकडे असेल.

“वसंत, उरलेले सहा?”

“घेतले नाहीत.”

“फोनवर तू बारा म्हणालास.”

“खोटं बोललो.”

पलीकडच्या बाकावर पेशंट बसले होते, म्हणून ते हळू आवाजात बोलले. “हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका असला तर हातापायांच्या चित्रांत कधी कधी दिसतच नाही. छातीच्या चित्रांत दिसतो. तरी तुझ्या वहिनीच्या दिसलाच असता, असं मी म्हणणार नाही. नसताही दिसला.” मग म्हणाले, “पण सहा आहेत म्हणाला असतास, तर मी आलो असतो.” आणि मला पंचवटीतला एक पत्ता दिला. तिथे एक म्हातारे गृहस्थ वाट बघत होते. डॉक्टरांनी मला कामावरून काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

पुण्यानुमोदनाला सगळी भावकी जमली. बुद्धवंदना झाली. दादा भिंतीला टेकून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. “आदल्या दिवशीच आमच्या वसंतानं मशीन लावून बघितलं होतं हो. सगळं ठीक होतं. डॉक्टरांशीपण बोलला. घरात एवढं माणूस असून जर काही झालं, तर मग कोणाला बोल लावायचा?” लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. एक मावशी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “तू तुझ्याकडून केलंस बाबा.” दादाचं सगळं समाधान त्या एका वाक्यावर उभं होतं. ते मी काढून घेऊ? घेतलं नाही. खरं सांगायचं तर ते दादाच्या दयेपोटी नव्हतं, माझ्या भीतीपोटी होतं.

त्यानंतर मी कामात इतका कडक झालो की लोक मला वाईट बोलू लागले. कोणी बाई नको म्हणाली की मी पट्टे सोडायला लागायचो. “बारा होणार नसतील तर मी मशीन उचलतो.” गंगापूर रोडवरच्या एका आजीनं माझा उद्धार केला, माझ्या सात पिढ्या काढल्या, पण शेवटी नातीच्या हातून सहाही जागा लावून घेतल्या. तिच्या तिसऱ्या-चौथ्या जागेत जे होतं ते हातापायांत कुठेही नव्हतं. आजी वाचली. तिचा मुलगा दरवर्षी द्राक्षांची पेटी पाठवायचा. ती पेटी मी कधी उघडली नाही, बायको शेजारीपाजारी वाटून टाकायची.

दादा निवृत्त झाल्यावर मी त्याला नाशिकरोडला माझ्याकडे आणलं. सहा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो म्हणायला हरकत नाही. वहिनीचा विषय निघाला की तो ते वाक्य म्हणायचाच, आणि मी उठून काहीतरी कामाला जायचो.

एका रविवारी सकाळी दादा न्याहारीला आला नाही. छातीत भरून आलंय म्हणाला. रात्री त्यानं भजी खाल्ली होती. “पित्त असंल,” तो म्हणाला. मी रिक्षा करून दवाखान्यात गेलो, खोका घेऊन आलो. तोपर्यंत बायको त्याच्याजवळ बसली होती. मी अर्थिंग जोडलं, पट्टे बांधले, हातापायांची सहा चित्रं घेतली. मग त्याचा सदरा वर केला आणि फुगा लावला. पहिली जागा. दुसरी. दादाच्या छातीवर दाट केस, फुगा चिकटेना, म्हणून मी हातानं धरून ठेवला होता. तिसऱ्या जागी त्यानं माझं मनगट पकडलं.

“हे काय लावतोयस?”

“छातीची चित्रं असतात दादा. सहा.”

तो फुग्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हे तिला नव्हतं लावलंस.”

प्रश्न नव्हता. त्याला फक्त आठवलं होतं, आणि तो आठवलेलं सांगत होता.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेव्हाच्या मशीनला हे नव्हतं दादा, हे नवीन आहे. त्यानं ते मानलं असतं. आणि समोर छातीत दुखणारा म्हातारा माणूस पडलेला असताना त्याला धक्का द्यायचा नसतो, हे मला कोणीही सांगायला नको होतं. खोटं बोलायला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळालं होतं.

“नव्हतं लावलं,” मी म्हणालो. “लावायला पाहिजे होतं. मला लाज वाटली. गच्चीवरच्या बायांना हाक मारायचीसुद्धा लाज वाटली. आणि डॉक्टरांना मी सांगितलं की लावलं.”

मशीन चालूच होतं. पट्टी पलंगावरून खाली जमिनीवर उतरत होती आणि सुई दादाचं हृदय लिहीत होती. दारात उभी असलेली बायको आत आली नाही. दादानं माझं मनगट सोडलं नाही.

“बायांना कशाला हाक मारायची?” तो म्हणाला. “मी दारातच उभा होतो की रे.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“मला सांगायचंस. दादा, इथं लाव, आता इथं लाव. मी लावलं असतं.”

शेकडो घरांत मी सुनेला बोलावलं, लेकीला बोलावलं, शेजारणीला बोलावलं, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याला मात्र आधी खोलीबाहेर घालवलं. रीतच तशी होती, ती मीच घातली होती. जिच्या अंगाला हात लावायचा हक्क जगात एका माणसाला होता, तो तीन हातांवर चौकटीला टेकून उभा होता, आणि मला तो दिसलाच नाही. मला रडू आलं. फुगा धरलेला होता म्हणून डोळे पुसता येईनात.

दादानं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. “घे,” तो म्हणाला. “राहिलेले घे.”

मी राहिलेले घेतले आणि तडक पट्टी घेऊन डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी ती खिडकीशी नेऊन दोनदा बघितली. दादाचं खरंच पित्त होतं. मग त्यांनी शेवटच्या चित्रांवर बोट ठेवलं. तिथली रेघ सारखी थरथरलेली होती.

“हे असं काय? पेशंट हलला?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी हललो.”